चुन्याने गेलेला डोळा: नकली डोळा टिकत नाही, खोबणीची पुनर्रचना करायची तर सुरुवात कुठून?

नेत्रतपासनीस_देवगड

ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. एका पेशंटला पुढे पाठवायचं आहे, पण चिठ्ठीवर नुसतं 'कॉन्ट्रॅक्टेड सॉकेट' (आखडलेली खोबण) लिहून पाठवलं की तो आंब्याच्या बागेतून सुटी काढून जातो, तारीख घेऊन परत येतो आणि पुन्हा जातच नाही. म्हणून इथून काय काय तपासून पाठवावं ते विचारतोय.

पुरुष, वय 36, आंबा पॅकिंगचं काम. लहानपणी चुन्याची पुडी फुटून डावा डोळा गेला. पुढे आतला भाग काढून टाकला (इव्हिसरेशन), आत पोकळी भरणारा गोळा बसवल्याची नोंद नाही. त्यानंतर बाजारातलं तयार शेल, म्हणजे वाटीसारखा नकली डोळा. आता तक्रार एकच: "शिंक इली की डोळो भायर येता." दोनदा मोठं शेल देऊन झालंय, दर वेळी थोडे महिने टिकतं.

माझी मोजमापं: खालच्या पापणीमागची खाच मध्यभागी 3 मिमी, वरची 9 मिमी. पापण्यांची फट आडवी 24 मिमी, चांगल्या डोळ्याची 29. खालच्या पापण्यांचे केस आत वळलेले. बाहेरच्या कोपऱ्यात पापणी आणि आतलं अस्तर जोडणारा एक जाड पट्टा. शेल घालूनही डोळा 3 मिमी खोल दिसतो, वरच्या पापणीवर खड्डा. तंबाखू खातो, तोंड अडीच बोटं उघडतं.

प्रश्न असे. ओठाच्या आतलं अस्तर लावायचं की कमरेखालची चरबी? किती फेऱ्या होतील? मधल्या काळात आम्ही इथे काय सांभाळायचं? आणि पुन्हा मोठं शेल देऊन वर्षभर निभावता येईल का?

ऑर्बिट_कोल्हापूर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही, मोठं शेल देऊ नका. खाच 3 मिमीची असताना शेल मोठं केलं की त्याचा सगळा भार खालच्या पापणीच्या कडेवर येतो. पापणी ताणते, सैल होते, शेल पुढे कलतं आणि वरचा खड्डा आणखी खोल दिसतो. मग कुणीतरी त्याहून मोठं देतं. दोन-तीन वर्षांत अस्तराच्या दुरुस्तीबरोबर पापणी घट्ट करण्याचीही शस्त्रक्रिया करावी लागते.

तुमची मोजमापं उत्तम आहेत. निम्म्या चिठ्ठ्यांवर एवढं नसतं. त्यात तीन गोष्टी जोडा.

पहिली: शेल काढा, खालच्या पापणीची त्वचा बोटाने हाडाच्या कडेकडे आत दाबा. खाच तयार होते का बघा. होत असेल तर अस्तर पुरेसं आहे, फक्त वर सरकलंय. अशा वेळी अस्तर खाली ओढून हाडावरच्या पडद्याला, म्हणजे पेरिऑस्टियमला, टाके घालून बांधलं की भागतं, कलम (दुसरीकडून काढून लावलेलं अस्तर) लागत नाही. पण बोट दाबल्यावर पापणीची कडच आत वळत असेल तर अस्तर कमी आहे. केस आत वळलेत हे तुम्ही लिहिलंच आहे, त्यामुळे इथे अस्तर कमी असणार, बहुतेक खात्रीने.

दुसरी: आत बोट लावून स्क्लेराचा (डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचा) उरलेला खुंट लागतो का आणि वर-खाली बघायला सांगितल्यावर तो हलतो का. हलत असेल तर पुढे नकली डोळ्यालाही थोडी हालचाल मिळते.

तिसरी: अस्तराचा रंग. गुलाबी आणि ओलं, की पांढरट, कोरडं, चामड्यासारखं. चुन्याच्या भाजण्यात रक्तवाहिन्या जळतात, आणि कलम जगतं ते खालच्या थराच्या रक्तावर. पांढरट जागी लावलेलं कलम काळं पडण्याची भीती जास्त.

आता श्रेणी. भारतात गोपाल कृष्ण यांचं वर्गीकरण वापरतात: 0 म्हणजे अस्तर आणि खाचा ठीक, 1 म्हणजे खालची खाच उथळ, 2 म्हणजे वरची आणि खालची दोन्ही गेल्या, 3 मध्ये कोपऱ्यांच्याही, 4 मध्ये शिवाय पापण्यांची फट आखडलेली, आणि 5 म्हणजे दुरुस्त्या करूनही पुन्हा आखडलेली खोबण. तुमचा पेशंट कागदावर 4 वाटेल, कारण फट 5 मिमी कमी आहे. पण ती त्या बाहेरच्या पट्ट्यामुळे ओढली गेली असेल, तर पट्टा सोडवल्यावर बरीचशी परत मिळते. वरची खाच 9 आहे, म्हणजे अजून उरलीय. माझ्या लेखी हा 1 आणि 2 च्या मधला.

क्रम माझा असा: आधी अस्तर, मग सहा महिन्यांनी वाटल्यास आकारमान, पापण्यांची दुरुस्ती सगळ्यात शेवटी. आकारमान म्हणजे आत गोळा. अस्तर अपुरं असताना गोळा घातला की वरची शिवण ताणाखाली राहते, ती उसवते आणि गोळा उघडा पडतो. 3 मिमी खोलपणा चष्म्याच्या जाड फ्रेमने झाकला जातो, पडणारं शेल कशानेच झाकलं जात नाही.

ऑर्बिट_कोल्हापूर

तोंडाच्या अस्तराचं कलम कसं करतात ते वेगळं लिहितो, पेशंटला सांगायला उपयोगी पडेल.

पूर्ण भूल लागते. खोबणीत आडवा छेद घेऊन व्रणाची ऊती सोडवत खालच्या हाडाच्या कडेपर्यंत जायचं. इथे घाई केली की सगळं फुकट, व्रण मागे राहिला तर तोच पुन्हा ओढतो. मग जी उघडी जागा तयार होते तिच्यावर फॉइल किंवा कापसाची जाळी ठेवून माप काढायचं आणि कलम त्याच्या सव्वा ते दीडपट घ्यायचं, कारण बरं होताना ते आकसतंच.

घेण्याची जागा खालच्या ओठाची आतली बाजू. लाल कडेपासून किमान 4 मिमी आत राहायचं, नाहीतर ओठ आत ओढला जातो. जास्त लागलं तर गालाची आतली बाजू, पण वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लाळेच्या नळीचं तोंड उघडतं, ते सोडून. अॅड्रेनॅलिन मिसळलेलं सलाईन टोचून अस्तर फुगवलं की ते अलगद सुटतं आणि रक्त कमी येतं. काढल्यावर त्याला चिकटलेली चरबी आणि लाळग्रंथींचे दाणे कात्रीने साफ करायचे. चरबी राहिली तर खालून रक्त पोचत नाही आणि कलम मरतं. ओठाची जखम बहुधा उघडीच ठेवतात, दोन-तीन आठवड्यांत भरते.

मग 6-0 विरघळणाऱ्या टाक्यांनी कलम बसवायचं, वर कन्फॉर्मर ठेवायचा. कन्फॉर्मर म्हणजे भोकं असलेलं पारदर्शक प्लास्टिकचं शेल, खाचा उघड्या ठेवण्यासाठी. खालची खाच खोल राहावी म्हणून कलमातून हाडाच्या कडेपाशी पापणीबाहेर टाके काढून बाहेर नळीच्या तुकड्यांवर बांधतात, म्हणजे दोरा त्वचा कापत नाही. शेवटी पापण्या एक-दोन ठिकाणी एकमेकींना शिवतात. ही शिवण नातेवाइकांना भयंकर वाटते, पण तीच सगळ्यात कामाची आहे. आकसण्याचा जोर पहिल्या काही आठवड्यांत असतो आणि शिवलेल्या पापण्या त्याला सरळ विरोध करतात. नळीचे टाके दोन-तीन आठवड्यांनी काढतात, पापण्यांची शिवण चार ते सहा आठवड्यांनी.

खोबण_मुंबई

क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. अस्तरही कमी आणि आकारमानही कमी, अशा खोबणीत डर्मिस-फॅट कलम (त्वचेचा आतला थर, म्हणजे डर्मिस, चरबीसकट) एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही देतं. नितंबाच्या वरच्या बाहेरच्या भागात साधारण 25 मिमी व्यासाचा गोल आखायचा, वरची पातळ त्वचा पात्याने खरवडून काढायची, खाली दोन-अडीच सेंमी चरबीसकट अखंड गोळा काढायचा. तो खोबणीत बसवून अस्तराची कड डर्मिसच्या कडेला शिवायची. मध्ये डर्मिस उघडं राहतं, त्याच्यावर आजूबाजूचं अस्तर चार-आठ आठवड्यांत सरकत येतं. म्हणजे नवीन पृष्ठभाग फुकटात मिळतो.

शिवाय हा माणूस तंबाखू खातो आणि तोंड अडीच बोटं उघडतं. तोंडातलं अस्तर घेण्याआधी ते कसं आहे ते बघायला हवं.

ऑर्बिट_कोल्हापूर

तोंडाचा मुद्दा मान्य, त्यावर खाली भूलतज्ज्ञांनी लिहिलं तर बरं. पण डर्मिस-फॅटची चरबी जगते तीही रक्तावरच, आणि इथे बिछाना, म्हणजे कलमाखालचा थर, चुन्याने भाजलेला. चांगल्या खोबणीतही थोडी चरबी विरघळते, भाजलेल्या किंवा रेडिएशन घेतलेल्या खोबणीत त्याहून बरीच जास्त. वर्षभरात खड्डा परत येतो आणि खालची खाच होती तिथेच. कारण डर्मिस मध्यभागी जागा देतं, खालच्या पापणीच्या मागे देत नाही.

खोबण_मुंबई

खालच्या पापणीसाठी ओठाची एक पट्टी त्याच वेळी जोडता येते, मोठी चादर काढावी लागत नाही. पण एवढं मान्य की अस्तर पांढरट-कोरडं असेल तर मीही आधी कलमच करीन. थोडक्यात रंग बघूनच ठरेल. चिठ्ठीत तो लिहा, शक्य असेल तर शेल काढून मोबाईलवर फोटो, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात.

डर्मिस-फॅट झालंच तर बसण्याचा प्रश्न असतो. जखम नितंबावर, टाके दहा-चौदा दिवस. एसटीने घाटातून उतरताना त्याच बाजूवर बसावं लागलं तर टाके तुटतात. परतीचा प्रवास रेल्वेने, कुशीवर झोपून करायला सांगा. दुचाकी तीन आठवडे बंद.

नेत्रतपासनीस_देवगड

आज पुन्हा बघितलं. अस्तर मध्ये गुलाबी, ओलं. खाली बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात पांढरट पट्टा. बोट दाबलं की पापणीची कड आत वळते. खुंट हाताला लागतो, वर-खाली हलतो, बाजूला कमी. खालची पापणी पुढे ओढली तर 9 मिमी येते आणि सोडल्यावर परत जायला वेळ लावते, म्हणजे सैलही आहे.

ऑर्बिट_कोल्हापूर

9 मिमी म्हणजे सैलच. दोनदा दिलेल्या मोठ्या शेलचा त्यात हात असणार. बाहेरच्या कोपऱ्याला पापणी आखडून हाडाला बांधावी लागेल. ती अस्तराच्या वेळीच करता येते, पण मी नकली डोळा बसल्यावर करतो. शेलचं खरं वजन कळल्यावर किती ताण द्यायचा हे नेमकं ठरतं. मध्ये गुलाबी असेल तर मुंबईकरांच्या बाजूने एक मत वाढलं, हे मान्य.

भूल_रत्नागिरी

तोंडाबद्दल.

किनाऱ्यावर मशेरी लावणाऱ्या बाया आणि गुटखा-सुपारी खाणारे पुरुष दोन्ही भरपूर, आणि दोघांची तोंडं वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडलेली असतात. सुपारीने गालाच्या आत पांढरे घट्ट पट्टे येतात (सबम्यूकस फायब्रोसिस). त्या अस्तराखालचा थर कडक झालेला असतो, त्याचं कलम जगण्याची शक्यता कमी आणि घेतलेली जागा भरून येताना तोंड आणखी आवळतं. अडीच बोटं म्हणजे मधल्या दातांमध्ये जेमतेम साडेतीन-चार सेंमी. तेवढ्याने अडत नाही, पण पट्टी धरून मिमीत मोजा. 35 च्या खाली गेलं तर आम्हाला नळी घालायची तयारी वेगळी करावी लागते. गाल बोटांत धरून चाचपा, दोरीसारखे पट्टे लागतात का. ओठ मऊ आणि गाल कडक असं बऱ्याचदा असतं, मग फक्त ओठ वापरायचा.

ओठाचं कलम घ्यायचं तर भुलेची नळी नाकातून टाकलेली बरी, सर्जनचं काम मोकळं होतं. म्हणून नाक वाकडं आहे का, सतत चोंदतं का, हेही चिठ्ठीत.

तंबाखू, मशेरी, गुटखा चार आठवडे आधी आणि किमान सहा आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कलमाला पहिले चार-पाच दिवस तेवढ्याच वाहिन्यांचा आधार असतो. 'कमी केलं' हे उत्तर चालत नाही. साखर तपासून पाठवा, उपाशीपोटी आणि एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) दोन्ही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायला सांगू नका, फक्त नाव लिहा.

सिस्टर_सावंतवाडी

शस्त्रक्रियेनंतरचं मी लिहिते, कारण पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतो आणि बाकीचं सगळं घरी होतं.

डोळ्यावरची दाबपट्टी दोन ते पाच दिवस, सर्जन सांगेल तेवढी. ती ओली झाली किंवा सैल झाली तर नुसती वरून चिकटपट्टी मारू नका. कलमाखाली रक्त साचलं की कलम वर उचललं जातं आणि मरतं, म्हणून दाब सारखा हवा.

जेवण आठवडाभर कोमट आणि मऊ. पेज, मऊ भात, वरण, उकडलेली अंडी. तिखट आमटी नको, आंबटही नको, सोलकढी ओठाच्या जखमेला झोंबते. क्लोरहेक्सिडीनने दिवसातून तीन-चार वेळा चूळ, जोरात गुळण्या नाहीत. ओठ बधिर वाटतो, तो काही आठवड्यांत सुधारतो. गरम चहा घेताना भाजून घेऊ नका, बधिर ओठाला चटका कळत नाही.

थेंब कन्फॉर्मरच्या भोकातून आत जातात, कन्फॉर्मर काढायचा नाही. स्राव येणारच. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पापण्या आतून बाहेर, म्हणजे नाकाकडून कानाकडे पुसायच्या. हिरवा, घाण वासाचा स्राव, वाढता ठणका किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी फोन.

पापण्यांची शिवण एका बाजूने उसवून कन्फॉर्मर बाहेर येणं ही सगळ्यात नेहमीची अडचण. घरचे तो डबीत ठेवतात आणि पुढच्या तारखेला घेऊन जातात. तसं करू नका. ताजं कलम कन्फॉर्मरशिवाय दोन-तीन दिवस राहिलं तरी खाच भरते आणि तो परत बसत नाही. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जायचं. देवगडला तुम्ही असाल तर: हात धुवा, कन्फॉर्मर निर्जंतुक सलाईनने धुवा, पेशंटला खाली बघायला सांगा, वरची पापणी उचलून कन्फॉर्मरची वरची कड आत सरकवा, मग वर बघायला सांगून खालची पापणी ओढा म्हणजे खालची कड आत बसते. जोर लावायचा नाही. जात नसेल तर लहान मापाचा घाला आणि सर्जनला कळवा. रिकामी खोबण सगळ्यात वाईट.

नेत्रतपासनीस_देवगड

सिस्टर, आभार. लहान मापाचे कन्फॉर्मर इथे ठेवता येतील. डावा-उजवा कसा ओळखायचा?

सिस्टर_सावंतवाडी

सुटी देतानाच सर्जनकडून मागून घ्या, नाकाच्या बाजूला खूण करून. त्या खुणेसह फोटो केसपेपरला लावा. अंदाजाने घालू नका.

मेण_आणि_रंग

नकली डोळे बनवतो. शस्त्रक्रिया सांगणारे शस्त्रक्रियेपाशी थांबतात, म्हणून पुढचं.

शिवण काढल्यानंतर सूज पूर्ण उतरेपर्यंत माप घेऊ नये. साध्या शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे, कलम लावलेल्या खोबणीत तीन महिन्यांच्या आत मी अंतिम डोळा करत नाही. तोपर्यंत कन्फॉर्मर किंवा तात्पुरतं शेल, रात्रंदिवस. सुजलेल्या खोबणीचं माप घेतलं की दोन महिन्यांत डोळा सैल होतो आणि मग 'ऑपरेशन फसलं' असं लोक म्हणतात.

या पेशंटला बाजारातलं तयार शेल पुन्हा देऊ नका. तयार शेल ठरावीक आकारांत येतं. कलम लावलेल्या खोबणीची जमीन उंचसखल असते. शेल दोन-तीन ठिकाणीच टेकतं, तिथे अस्तर घासून जखम होते, आणि मधल्या पोकळीत चिकट स्राव साचतो. मापाचा डोळा सगळीकडे सारखा टेकतो.

पद्धत अशी. पेशंट सरळ बसलेला, समोर बघतोय. पोकळ दांडी असलेला जाळीदार साचा खोबणीत ठेवून त्यातून पातळ अल्जिनेट (ठसा घेण्याचं, थोड्या वेळात घट्ट होणारं द्रव्य) सोडायचं. झोपवून माप घेतलं तर ऊती मागे जातात, डोळा जास्त मोठा होतो. त्या ठशावरून डेंटल स्टोनचा साचा, साच्यातून मेणाचा डोळा. मेण खोबणीत घालून दोन्ही पापण्या मिटतात का, वरची पापणी किती झाकते, बुबुळ दुसऱ्या डोळ्याच्या रेषेत येतं का, हे बघत मेण खरवडायचं किंवा वाढवायचं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. बुबुळ बहुतेकांचं साडेअकरा-बारा मिमीचं. मग मेणाच्या जागी पांढरं अॅक्रिलिक, म्हणजे पीएमएमए, बुबुळाचं रंगकाम, शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू, वरून पारदर्शक थर, उष्णतेने पक्कं करणं आणि शेवटी पॉलिश. रंग दिवसाच्या उजेडात जुळवायचा. ट्यूबलाइटखाली जुळवलेलं बुबुळ उन्हात हिरवट दिसतं. पक्कं करताना वेळ कमी दिला तर कच्चा मोनोमर आत राहतो आणि डोळा सारखा चुरचुरतो.

डोळ्याचं आकारमान साधारण 2 ते 2.5 मिली असावं. यात थोडं गणित आहे आणि सर्जन लोकांनी त्यात आमचा विचार करावा ही विनंती. डोळ्याच्या गोळ्याचं मूळ आकारमान 7 मिलीच्या आसपास. आत 18 मिमीचा गोळा घातला तर 3 मिली भरतात, 20 मिमीचा घातला तर 4.2, 22 चा घातला तर 5.6. म्हणजे व्यास 2 मिमी वाढला की सव्वा मिलीच्या आसपास फरक. आत काहीच नसलं तर तो सगळा फरक नकली डोळ्याने भरायचा. 4 मिलीचा अॅक्रिलिक डोळा पावणेपाच ग्रॅम भरतो आणि तो रोज खालच्या पापणीवर टेकून बसतो. या पेशंटची 9 मिमी सैल पापणी त्याचंच फळ.

(काचेचे डोळे जाऊन अॅक्रिलिक आलं ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मन काच मिळेना, म्हणून अमेरिकेत दातांच्या कवळीचं अॅक्रिलिक वापरून बघितलं. आत गोळा घालण्याची कल्पना त्याहून जुनी, 1880 च्या दशकात इंग्लंडमध्ये म्यूल्सने काचेचा पोकळ गोळा बसवला होता.)

नेत्रतपासनीस_देवगड

रोजची निगा कशी सांगू? इथे खारा वारा, पॅकिंगमध्ये पेंढ्याचा कचरा, घाम.

मेण_आणि_रंग

रोज काढून धुऊ नये. जितकं हाताळाल तितकं अस्तर चिडतं आणि स्राव वाढतो. महिन्यातून एकदा पुरे, पेंढ्याच्या हंगामात कचरा गेला की तेवढ्यापुरतं. बाळाचा साबण आणि कोमट पाणी, बोटाने चोळायचं, भरपूर धुऊन परत. स्पिरिट, डेटॉल, सॅनिटायझर अजिबात नाही, अॅक्रिलिकला केसासारख्या चिरा पडतात आणि पॉलिश जातं. उकळायचं नाही, आकार बिघडतो. खोबरेल तेल घालण्याची सवय असते, ती मोडा. तेलावर धूळ बसते आणि तेल खवट होतं. कोरडं वाटलं तर दुकानात मिळणारे वंगणाचे थेंब.

समुद्रात पोहताना काढून ठेवा किंवा घट्ट गॉगल. लाटेत डोळा गेला तर परत मिळत नाही. जुना डोळा कधीही फेकू नका. नवा हरवला तर तोच खोबण उघडी ठेवतो. ठेवायचा तर सलाईनमध्ये.

वर्षातून एकदा पॉलिश. त्यावर प्रथिनांचा पांढरा थर बसतो, तो खरखरीत असतो आणि वरच्या पापणीच्या आत दाणे उठतात. मग खाज, दोऱ्यासारखा स्राव. बहुतेकांना अँटिबायोटिक थेंब दिले जातात, तर लागतं पॉलिश. पाच-एक वर्षांनी नवा डोळा, मुलांना त्याहून लवकर, कारण खोबण वाढत असते.

खोबण_मुंबई

मुलांवरून: जन्मतः डोळा नसलेल्या किंवा अगदी बारीक डोळ्याच्या बाळाला, आणि रेटिनोब्लास्टोमामुळे (लहान मुलांचा डोळ्याचा कॅन्सर) डोळा काढलेल्या मुलाला, वाट बघू नये. आत काही दाब नसेल तर हाड वाढत नाही आणि चेहऱ्याची ती बाजू लहान राहते. जन्मतः असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच कन्फॉर्मर, दर काही आठवड्यांनी थोडा मोठा. मुलांमध्ये डर्मिस-फॅट मुलाबरोबर वाढूही शकतं, मोठ्यांमध्ये ते कमीच होतं. खोबणीतलं सगळंच काढावं लागलेल्या पेशंटला मात्र यातलं काही लागू नाही. तिथे चष्म्याला जोडलेला किंवा चिकटवायचा सिलिकॉनचा तुकडा बनतो.

नेत्रतपासनीस_देवगड

आणखी दोन. खर्चाचं आणि अपंगत्वाच्या दाखल्याचं. त्याला वाटतंय दाखला मिळेल.

ऑर्बिट_कोल्हापूर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, भरती होण्याआधी. नंतर कागद जुळवणं कठीण जातं. नकली डोळ्याचा खर्च त्यात आहे का, हेही वेगळं विचारा. शस्त्रक्रिया बसते आणि डोळा बसत नाही असं होऊ शकतं.

दाखला: दुसरा डोळा नीट असेल तर एक डोळा गेल्याचं अपंगत्व 30 टक्के धरतात. सवलतींसाठी 40 टक्के लागतात, त्यामुळे त्याला खोटी आशा देऊ नका. त्यापेक्षा उजव्या डोळ्याला पॉलिकार्बोनेटचा चष्मा द्या, नंबर शून्य असला तरी. उरलेला डोळा एकच आहे, आणि आंबे उतरवताना घळाची काठी किंवा फांदीचं टोक कुठून येईल सांगता येत नाही.

नेत्रतपासनीस_देवगड

तो म्हणतो आंबा संपल्यावर जाईन, म्हणजे जूनमध्ये.

सिस्टर_सावंतवाडी

जूनमध्ये शस्त्रक्रिया म्हणजे शिवलेल्या पापण्या घेऊन लावणीच्या चिखलात. तो उतरेलच, कितीही सांगा. दिवाळीनंतर ठेवा, नोव्हेंबर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. सहा आठवडे थंडीत निघतात, घाम कमी, पट्टी कोरडी राहते. अंतिम डोळ्याचं माप फेब्रुवारी-मार्च, म्हणजे पेटीचं काम अंगावर येईपर्यंत डोळा बसलेला असेल. आणि तंबाखू सोडायला त्याला आत्तापासून सहा महिने मिळतात.

ऑर्बिट_कोल्हापूर

नोव्हेंबर योग्य. तोपर्यंत मोठं शेल काढून घ्या आणि लहान, हलकं, कडा गुळगुळीत केलेलं द्या. पडलं तरी चालेल, पापणीला विश्रांती मिळू दे. ते घालूनच झोपायला सांगा. फेऱ्यांचं: तपासणी आणि भुलेची फिटनेस एका दिवसात बसवता येते, शस्त्रक्रियेला चार-पाच दिवसांचा मुक्काम, नळीचे टाके काढायला एक, शिवण काढायला एक, मग मापाच्या फेऱ्या. टाके काढणं तुमच्याकडे जमत असेल तर सर्जनशी बोलून एक फेरी वाचवा. पापण्यांची शिवण मात्र इथेच काढू द्या. ती काढताना खाच किती उरलीय ते बघूनच पुढचा कन्फॉर्मर ठरतो.